उघडा टाका

लेकीला आत नेलं, तशी मी बाहेर बाकावर बसून पिशवीतलं अर्धं टोपडं नि सुती दोरा काढला. त्याच्या कोऱ्या वासासरशी तंजावूरचं ते इस्पितळ आठवलं. कत्तिरीचं, मे महिन्यातलं अंग भाजणारं ऊन, आत अडलेली अक्का, बाहेर टोपडं विणणारी अम्मा. जन्माआधी बाळाचं काही पुरं करायचं नाही, ही आमची रीत. म्हणून शेवट आला की ती उसवायची, पुन्हा विणायची. दोरा घामानं मळला होता.

बाळ रडलं. अप्पा समोरच्या नव्या एसटीडी बूथकडे धावले.

“अम्मा, आतां टाके बंद कर की!” मी म्हटलं.

“थांब गे. बाळ रडलं, माझं लेकरूं अजून बोललं नाही.”

मला तेव्हा तिचा रागच आला होता.

आत्ता आत बाळ रडलं. जावई पेढे आणायला पळाला. माझा टाका उघडाच आहे.