तो कप माझा होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — खरं विचाराल तर तुम्ही आमच्या आष्टीचे नाहीत म्हणून.

मला शिवायला आवडतं. आधी एवढं तरी सांगून टाकतो. कपडे नव्हेत, वाकळ — तुम्ही गोधडी म्हणत असाल. आई शिवायची तेव्हा मी शेजारी बसून टाके घालायचो. आई गेली आणि घरात सुई धरणारा मीच उरलो. आम्ही धनगर. पुरुषानं लोकर कातली तर आमच्यात कुणी काही म्हणत नाही. पण वाकळ? पोरं मला बायल्या म्हणायची. वडील काही बोलत नसत, नुसते उठून जात. जास्त काय लागायचं, सांगायला हवं का?

दुष्काळात आमची निम्मी मेंढरं गेली आणि मी सडकेच्या कामावर जाऊ लागलो. तिथं दुपारच्या सुट्टीत एकदा फाटका सदरा शिवत बसलो होतो. माझ्या आईच्या वयाची एक बाई येऊन उभी राहिली, वाकून टाके बघितले आणि म्हणाली, "हात चांगला हाय रे तुझा. घरी ये, मी वाकळ घातलीय."

ती सोनामाय. बौद्ध वस्तीत राहायची. गावातली माणसं त्या वस्तीला जुन्याच नावानं हाक मारत. मीही मारायचो — तेही कबूल करतो.

काम नसेल त्या दुपारी तिच्या ओसरीवर चार-पाच जणी जमत. तिची सून कमळ, शेजारपाजारच्या. पहिल्या दिवशी मला बघून त्याही हसल्या. का हसू नये? पण हसून झाल्यावर त्यांनी सरकून मला जागा केली. आमच्याकडंही लोक हसत — सरकत मात्र कुणी नसे.

मी जातच राहिलो. एक उन्हाळा, मग दुसरा. घरी दिवसात चार शब्द न बोलणारा मी, तिथं हिरव्या लुगड्याशेजारी कोणतं ठिगळ शोभेल यावर भांडायचो. लांब धागा ओवला की सोनामाय ओरडायची. तिच्या ताटातली भाकर खाल्ली, तिच्या हातचा चहा प्यालो. तिथं मला कुणासारखं व्हावं लागत नव्हतं. हे किती मोठं असतं, हे ज्याला मिळालं नाही त्यालाच कळेल.

मग मामा आले.

मामा बदनापूरकडचे. त्यांची लेक मला द्यायची, असं आमच्या लहानपणापासूनचं बोलणं. ते आले तेव्हा मी घरी नव्हतो. भाचा कुठं बसतो हे त्यांना कुणी सांगितलं, ठाऊक नाही. थेट ओसरीपुढं येऊन उभे राहिले. मागं माझा मोठा भाऊ, मान खाली घालून.

मी मांडी घालून बसलेलो, हातात सुई. गुडघ्याशी कप — निम्मा प्यालेला. मामा माझ्याकडं बघत नव्हते, कपाकडं बघत होते.

"हितं चहा पेतो तू?"

घाबरून तोंडातून निसटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं झालं नाही. मी विचार केला. आधी कमळकडं बघितलं, मग मामाकडं, आणि नीट जुळवून बोललो.

"न्हाई मामा. आमची वाकळ शिवायला टाकलीय, ती पाह्यला आल्तो. ह्यांच्यात मी पाणी बी पेत न्हाई."

ह्यांच्यात. — हा शब्द माझा. मामानं तो मला दिला नव्हता.

सोनामायनं हात लांब करून तो कप उचलला आणि माझा उष्टा चहा सगळा पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसलं.

"कप माझा हाय, पाव्हणं," ती म्हणाली. "लेकरू बराबर सांगून राह्यलं. त्यानं हितं कायबी घेतलं न्हाई."

मी सुई तिथंच वाकळीत खोवली आणि मामांच्या मागं निघालो. लग्न ठरलं.

लग्नाआधी एकदा गेलो होतो. सगळ्या बसल्या होत्या. कुणी रागावलं नाही. सोनामाय उठून अंगणात आली.

"एकदा तुझ्यासाठी खोटं बोलले, बाप्पा. रोज बोलणं मला जमायचं न्हाई. आता नको येऊ."

एवढं म्हणून ती आत गेली नाही, उभी राहिली. ती कशासाठी थांबली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. 'मामाला खरं सांगतो' — बस, एवढंच. चावडीवर ओरडायचं नव्हतं, एका माणसाला सांगायचं होतं. मी "बरं" म्हणालो आणि चालू लागलो.

पुढं जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात लागलो. सोनामाय वारली हे गावी गेलो तेव्हा कळलं, बऱ्याच महिन्यांनी. कमळच्या दारात जाऊन आलो असं सांगायला मला आवडलं असतं. गेलो नाही.

शिवणं सुटलं नाही. दाराला आतून कडी लावून शिवतो. बायको भली आहे, कधी हसली नाही. तिला वाटतं, हे सगळं मी आईकडूनच शिकलो. कोपऱ्यावर टाका वळवायची सोनामायची एक तऱ्हा होती, ती माझ्या हातात बसली आहे. वाकळ उन्हात घातली की शेजारणी तोच कोपरा उचलून बघतात. परवाही एकजण विचारत होती, कुणी शिकवलं हे?

"माहेरी शिकले," बायको म्हणाली. "आमच्या बदनापूरकडं असंच वळवतात."

मी तिथंच बसलो होतो. मी मान डोलावली.