सहानंतर पाणी बंद

अकोल्यात नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्यामुळे आमच्या घरात पाणी जपून वापरायचं, आणि कुत्रीने मात्र फरशीवर सढळपणे सांडायचं, असा त्या उन्हाळ्याचा कारभार होता.

घरात आम्ही तिघी: सत्तरी ओलांडलेली आई, पंचेचाळिशीची अविवाहित मी आणि दहा वर्षांची गावठी कुत्री. कुत्री आईच्या पलंगाखाली झोपते. मार्चपासून ती उठली की खाली ओलं दिसायला लागलं. आईने दोन दिवस कूलरला बोल लावला. तिसऱ्या दिवशी वास आला आणि कूलर निर्दोष सुटला.

"मुद्दाम करून राहिली," आई म्हणाली. ती शाळेत मोठ्या बाई होती. तिच्या निकालावर अपील नसतं.

आमच्या गल्लीत भटक्या कुत्र्यांनी फाटकाशी घाण करू नये म्हणून निळीच्या पाण्याच्या बाटल्या टांगतात. आईने तशा चार बाटल्या पलंगाच्या चारही पायांना बांधल्या. कुत्रीने एका बाटलीला गाल लावला आणि सुखाने झोपली. गार लागत असावी.

मग मी आईच्या जुन्या सुती पातळांचे लंगोट शिवले, शेपटीला भोक ठेवून. धुऊन गच्चीवर वाळत घातले. दुसऱ्याच दिवशी शेजारीण डिंकाचे लाडू घेऊन दारात.

"काकू, बाळंतीण कोण आहे जी?" तिने आईला विचारलं आणि नजर माझ्या पोटावरून फिरवली.

आईने कुत्रीकडे बोट दाखवलं. शेजारीण गोंधळली, पण लाडू परत मागायचा धीर तिला झाला नाही. डिंकाने कंबर धरते म्हणून आईने त्यातला एक कुत्रीलाही दिला. उपयोग झाला नाही.

शेवटी आईने हुकूम काढला: संध्याकाळी सहानंतर कुत्रीचं पाणी बंद.

"एवढ्या उन्हात?" मी म्हटलं.

"काहून? मी नाही राहत का?"

खरंच, दोन वर्षांपासून आई सहानंतर घोटभरही पाणी पीत नसे. मला ती तिची शिस्त वाटायची. लग्नाकार्यालाही ती जाईनाशी झाली होती, त्याला मी तिचा ताठा म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे.

कुत्री सहानंतर कूलरखाली ठिबकणारं पाणी चाटू लागली. ओलं व्हायचं ते होतच राहिलं. एक दिवस ती दुपारी आईच्या गादीवर चढून झोपली आणि गादी भिजली. आईने अमरावतीला माझ्या भावाला फोन लावला. "रविवारी गाडी घेऊन ये. हिले मोर्शीले नेऊन टाक, तुह्या सासऱ्याच्या बगीच्यात."

मी रडले. कुकरची शिटी झाली तरी जी माझ्या पायांत शिरते, ती संत्र्याच्या झाडांखाली रानडुकरांच्या शेजारी राहणार होती. भांडून भांडून मी शनिवार मिळवला: एकदा डॉक्टरला दाखवू, मग न्या. डॉक्टर मला फसवेल म्हणून आईही सोबत निघाली, इस्त्रीचं पातळ नेसून.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्यापुढे दोन शेळ्या आणि एक लंगडा बैल होता. नंबर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "जागेपणी होतं की झोपेत?"

"झोपेत," मी म्हटलं.

"पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय?"

"हो."

"लघवी तपासू, पण बहुतेक पकड ढिली झाली आहे. ती करत नाही, तिच्याकडून होतं. तिला कळतही नाही. वयाने बऱ्याच माद्यांना होतं, गोळी आहे त्याला. आणि पाणी तोडू नका."

"तोडलं नाही जी," आई म्हणाली. "सहानंतर फक्त."

"तेच नको. त्याने त्रास वाढतो."

परतताना ऑटोत कुत्री आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. आई ऑटोवाल्याच्या पाठीकडे पाहत म्हणाली, "हिले गोळी आहे म्हणे."

"हो."

"माणसाले असते का?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"खोकलं का होते, हसलं का होते. म्हणून जात नाही मी कुठी. लोकायच्या सतरंजीवर कसं बसाव?"

ऑटोवाल्याने गाण्याचा आवाज वाढवला. भला माणूस. मला माझीच लाज वाटली. कुत्रीचे लंगोट शिवायला मला आठवडा लागला नाही, आणि आईला मी दोन वर्षं ताठ म्हणत होते.

"असतो इलाज," मी म्हटलं. "सोमवारी बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"पाहू," आई म्हणाली. म्हणजे हो.

घरी आल्यावर तिने भावाला फोन केला. "उद्या ये, पण जेवाले ये. कुत्री कुठी जाऊन नाही राहिली." मग कात्री घेऊन पलंगाच्या बाटल्या कापून काढल्या.

सात वाजता तिने कुत्रीचं भांडं काठोकाठ भरून खाली ठेवलं. माठातून स्वतःसाठी पेला भरला, उभ्यानेच पूर्ण प्यायली, आणि दुसरा भरला.

"पाहून काय राहिली?" ती मला म्हणाली. "उद्या नळ येते."