सिडनीला पळालेली आजी

आता मेलबर्नच्या कडेला टार्निटला माझं स्वतःचं घर आहे, दारात दोन गाड्या आहेत, आणि शेजारी कोण राहतं ते मला धड माहीत नाही. अशा वेळी युनिव्हर्सिटीत असताना जिच्या घरी खोली घेऊन राहत होते, त्या म्हातारीची फार आठवण येते. मी तिला आँटी म्हणायचे. "मी कुणाची आँटीबिँटी नाही, नावानं हाक मार," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण ऐंशीच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. शेवटी तिनंच हात टेकले.

आँटीचं आजोळ आयरिश. तिच्या आईची आई क्लेअर परगण्यातून बोटीनं मेलबर्नला आली, इथंच तिचं लग्न झालं, मुलगी झाली. नवरा बंदरावर काम करताना गेला. मग तिनं पोरीला नन्सच्या अनाथाश्रमात टाकलं आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात धरून सिडनीला पळाली. आँटीची आई मरेपर्यंत हेच सांगत राहिली. आयरिश घरांतही थोरल्या मुलीला आजीचं नाव ठेवायची रीत, पण आँटीला ते नाव मिळालं नाही. पोटच्या पोरीला टाकून ही बाई गेली तरी कुठे, एवढंच आँटीला मरण्याआधी कळायला हवं होतं.

दर शनिवारी आम्ही शहरातल्या मोठ्या लायब्ररीत जायचो. आँटीकडे चष्मा आणि सँडविचेस, माझ्याकडे माउस. बोटीच्या याद्यांत आजी सापडली, लग्नाच्या नोंदीत सापडली, आणि मग गायब. जुन्या डिरेक्टरीत, म्हणजे दरवर्षी छापल्या जाणाऱ्या नावपत्त्यांच्या यादीत, प्रत्येक घराला पुरुषाचं नाव. बाईचं नाव छापून यायला आधी नवरा मरावा लागे. माझं डोकं फिरायचं. आँटी मात्र शांतपणे म्हणायची, "माझी आजी तर विधवाच होती. असणार इथेच कुठेतरी." मग आम्ही पुन्हा सिडनीच्या डिरेक्टऱ्या उघडून त्या आडनावाच्या मिसेस धुंडाळत बसायचो.

एका शनिवारी मला अगदी वीट आला. पुण्यात माझ्या बाबांनी कुणाला पत्ता सांगताना घराचा नंबर कधी सांगितला नाही. गणपतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीशेजारी, की झालं. त्यांची आठवण आली, आणि मी आँटीला विचारलं, "अनाथाश्रम कुठल्या रस्त्यावर होता?"

"तो मेलबर्नला. ती तिथे कशाला असेल?"

"बघू तर, समोर कोण राहत होतं ते."

मेलबर्नच्या डिरेक्टरीत रस्त्यांप्रमाणे घरांची वेगळी यादी होती. एका बाजूला अनाथाश्रम. समोर बेकरी, लोहार, आणि त्यांच्या मध्ये एक मिसेस, कपडे धुणारी. आडनाव तेच. पुढच्या वर्षीच्या डिरेक्टरीतही तीच, त्याच्या पुढच्या वर्षीही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं, पण हसू कुणाला येणार?

"हीच ती कशावरून?" आँटीनं विचारलं.

म्हणून आम्ही त्या मिसेसच्या मृत्यूचा दाखला मागवला. जन्म क्लेअरचा, पत्ता त्याच घराचा, मूल एकच, आणि त्या मुलीचं नाव आँटीच्या आईचं. आजी गेली तेव्हा मुलगी बारा वर्षांची, अजून आश्रमातच होती. आई समोरच राहत होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आजी तिला भेटायला गेली होती का, तिला आत जाऊ दिलं होतं का, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. मला बाई त्या दिवशी माझ्या आईची इतकी आठवण आली की ट्रेनमध्ये बसूनच फोन लावला.

रविवारी आँटीनं मला सेमेटरीत यायला सांगितलं. आपल्या आईच्या, म्हणजे तिच्या ममच्या, थडग्यावरची सुकलेली पानं तिनं हातानं बाजूला केली, वाकायला त्रास होत होता तरी मला करू दिलं नाही. मग थडग्याच्या दगडावर हात ठेवून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं म्हणाली,

"मम, ती कुठे गेलीच नव्हती. ती समोरच राहत होती."