दादाच्या कपाटातले टीव्ही गेम

वहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत उभी होते. "सुनंदाताई, हे गेले," इतकंच त्या म्हणाल्या आणि मग आम्ही दोघी फोन तसाच कानाला धरून राहिलो... मागचा माणूस म्हणाला, "बाई, सरका की पुढं." मी सरकले, सही केली, आणि बाहेर येऊन स्टँडवरून सांगलीची एसटी धरली. रडू आलं नाही. दीड वर्ष दादाच्या फुप्फुसांचं आजारपण चाललेलं होतं, ऑक्सिजनचं नळकांडं घरातल्या माणसासारखं कोपऱ्यात उभं होतं, आणि आम्ही सगळेच दमून गेलो होतो. गाडीत खिडकीला डोकं टेकवलं तेव्हा पहिला विचार आला तो असा, की आता त्या कपाटाचं काय करायचं.

माझा भाऊ मिलिंद माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. वडील प्रकल्पावर वायरमन होते. जमीन हलली की इतरांचे वडील मुलांना उचलून बाहेर धावायचे, आमचे आधी मेन स्विच पाडायचे आणि मग आम्हाला हाक मारायचे. दादाने त्यांच्याकडून वायर सोलायला आणि तोंड बंद ठेवायला, दोन्ही शिकून घेतलं. आयटीआय करून तो कुपवाडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. सांगलीत मात्र त्याला त्या नोकरीसाठी कोणी ओळखत नव्हतं. घर विचारायला गेलं तर गल्लीतली माणसं म्हणायची, "कोण, गेमवाला मिलिंद का?"

ते असं झालं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी कारखान्याचे मालक कसलंसं मशीन बघायला जपानला गेले आणि येताना मुलासाठी टीव्हीला जोडायचा खेळ घेऊन आले. पांढरा खोका, त्याला लाल कडा, दोन्ही बाजूंना वायरीने कायमची बांधलेली दोन रिमोटं. घरी आल्या आल्या कोणीतरी तो आपल्या प्लगमध्ये लावला. तिकडची वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीसची... धूर निघाला. मालकांनी तो दादाकडे दिला आणि म्हणाले, बघ काही होतंय का. दादाने असलं काही जन्मात पाहिलेलं नव्हतं. नशीब इतकंच की फक्त अडॅप्टर जळला होता, आतलं सगळं वाचलं होतं. त्याने तांब्याची तार गुंडाळून नवा अडॅप्टर बनवला. तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या, कारण तिकडचे चॅनल आपल्या टीव्हीला पकडताच येत नव्हते. मग त्याने खोका उघडला, चित्र कुठे तयार होतं ते शोधलं आणि तिथून वेगळी वायर काढून आणली. तीन आठवडे लागले. शेवटी चित्र आलं, पण काळंपांढरं, कारण रंगाची त्यांची पद्धत निराळी. मी तेव्हा दिवाळीला सांगलीला गेले होते. चाळिशीकडे झुकलेला माझा भाऊ फरशीवर मांडी घालून एका ठिपक्याएवढ्या माणसाला खड्ड्यावरून उडी मारायला लावत होता, आणि मला म्हणाला, "सुने, रंग न्हाई आला. पण खेळ आला बघ." इतका उजळलेला चेहरा त्याच्या लग्नातही नव्हता.

मालकांच्या मुलाला तोवर दुसरं काही मिळालं होतं. तो खोका दादाकडेच राहिला.

पुढच्या चार-पाच वर्षांत सांगलीत घरोघर टीव्ही गेम आले. ते काही जपानी नव्हते, त्या मूळ यंत्राच्या नकला होत्या. कुठून कुठून बनून यायच्या, खोक्यांवर नावं वेगवेगळी असायची. कॅसेट मात्र सगळ्यांत तीच बसायची. बिघडले की ते दादाकडे यायचे. कारखान्यातून आला की चहा घेऊन तो पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचा आणि जेवणापर्यंत उठायचा नाही. उघडलेल्या प्रत्येक खोक्याचं तो वहीत चित्र काढून ठेवायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, सगळे सारखेच तर आहेत." तेव्हा त्याने दोन अगदी जुळे खोके माझ्यापुढे उघडून ठेवले. एकात चाळीस-चाळीस पायांच्या दोन मोठ्या काळ्या चिप होत्या. दुसऱ्यात त्या जागी डांबराच्या थेंबासारखा नुसता एक काळा ठिपका. "ही आधीची. ह्यात एक चिप गेली तर दुसरी बसीवता येती," तो म्हणाला. "आणि हे नंतरचं. सगळं त्या ठिपक्यात कोंबलंय. बिघडलं की संपलं. वरनं वळखू येत न्हाई, आत बघाय लागतं." मूळ यंत्राचेही किती अवतार झाले ते त्याला तोंडपाठ होतं. सुरुवातीला रिमोटची बटणं चौकोनी रबराची होती, ती रुतून बसायची म्हणून गोल प्लास्टिकची केली. अमेरिकेसाठी राखाडी पेटीसारखा खोका काढला, त्यात कॅसेट वरून न घालता समोरून सरकवायची... इंग्रजी जेमतेम येणारा हा माणूस कुठून कुठून जुनी मासिकं मिळवून शब्दकोश घेऊन बसायचा. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मला वाटायचं, ही बुद्धी दुसऱ्या कशाला लागली असती तर... आता वाटतं, दुसरं काय, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मग, दादा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, सांगलीत तो महापूर आला. हे लिहिणं मला जड जातं.

आई जाऊन वर्ष झालं होतं. तिची पत्र्याची पेटी दादाच्या घरी पलंगाखाली होती. त्या पेटीत एक वही होती. आई पन्नाशीत अक्षरं शिकली, मीच शिकवली. त्या वहीत तिने स्वतःचं नाव, आमच्या दोघांची नावं, मग कोयनानगर, मग बाबासाहेब, अशी पानंच्या पानं गिरवली होती. शेवटी शेवटी तिने तीन ओळींचं एक पत्रही लिहिलं होतं, कोणाला ते न लिहिता. मी ती वही साताऱ्याला न्यायची म्हणत होते आणि राहून जात होतं. दुपारी गल्लीत पाणी शिरलं. वहिनी माहेरी आलेल्या माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, घेऊन आधीच नातेवाइकांकडे गेल्या होत्या. दादा एकटा होता. त्याने कपाटातले टीव्ही गेम गोण्यांत भरून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेले. चार फेऱ्या केल्या. पाचव्या फेरीला जिन्याच्या तळाशी छातीइतकं पाणी होतं आणि शेजाऱ्यांनी त्याला खाली उतरू दिलं नाही.

पाणी ओसरल्यावर मी गेले. चिखलातून पेटी काढली, वही उघडली. पानं एकमेकांना चिकटली होती आणि शाई पार धुऊन गेली होती. वर कपाटभर खोके कोरडे ठणठणीत. मी वहिनींसमोर, शेजाऱ्यांसमोर दादाला म्हणाले, "त्या डबड्यांसाठी आईचं अक्षर बुडवलंस." तो भिंतीवरचा चिखल खरवडत होता. त्याने वर पाहिलं आणि परत खरवडायला लागला. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. वहिनींशी फोन व्हायचा. त्या म्हणायच्या, "बोलता का? इथंच आहेत." मी म्हणायचे, "नको, कामात आहे."

एके दिवशी सकाळी तो साताऱ्यात माझ्या दारात उभा राहिला. खांद्याला पिशवी, दम लागलेला. आत येऊन पाणी प्याला आणि म्हणाला, "वाईला जायचंय. एकट्यानं चालवंना झालंय. येतीस का?" तीन वर्षांनी भेटलेल्या भावाला नाही म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यात उरला नव्हता. एसटीत बसल्यावर त्याने पिशवी उघडून दाखवली. आत एक टीव्ही गेम होता आणि त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, नाव, गाव, काय बिघडलंय ते. तेव्हा मला कळलं की पुरात वाचवलेल्या खोक्यांपैकी एकोणीस लोकांचे होते. दुरुस्तीला टाकून गेलेले, कधी न्यायला न आलेले. गेली तीन वर्षं तो पत्ते शोधून ते एकेक परत करत होता.

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"बहुतेक म्हणत्यात, आता काय करायचं ह्याचं, टाकून द्या."

"मग?"

"मग परत घिऊन येतो."

थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, तो आपणहून म्हणाला, "पेटी मला दिसली न्हवती असं न्हाई, सुने. दिसली. म्हटलं, आधी लोकांचं न्यावं, मग आपलं. यीन परत... पर मग येता आलं न्हाई." त्याने माफी मागितली नाही आणि मी माफ केलं असंही नाही. आम्ही दोघं साठी ओलांडलेली माणसं होतो, एका बाकावर बसून धक्के खात होतो, आणि भांडण आता उचलून धरवत नव्हतं.

वाईत घाटाजवळच्या एका घरात सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांचा मुलगा परदेशात, चार-सहा महिन्यांतून फोन करणारा. घरचे सगळे सांगलीला बदलीवर असताना हा गेम दुरुस्तीला टाकला होता. बाईंनी खोका हातात घेतला, चिठ्ठीवरचं मुलाचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "कॅसेट आहे माझ्याकडे. टाकली नाही." त्यांनी ती कपड्यांच्या कपाटातून आणली. भिंतीवरच्या नव्या चपट्या टीव्हीला दादाने चित्राची पिवळी आणि आवाजाची पांढरी पिन जोडली. त्या कॅसेटमध्ये पुष्कळ खेळ होते आणि खेळ निवडायच्या पाटीवर एकच सूर गोल गोल वाजत राहायचा. दादाने रिमोट बाईंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "मला नाही खेळता येत हो. तो आत खेळत असायचा, मी स्वयंपाकघरात. हे एवढं ऐकू यायचं. असंच लावून ठेवा." आम्ही चहा होईस्तोवर, चहा पिऊन झाल्यावरही, तो सूर ऐकत बसलो. निघताना दादाने त्यांना बंद कसं करायचं ते दोनदा दाखवलं. मला नाही वाटत त्यांनी लक्ष दिलं.

परत येताना मी त्याला म्हटलं, "आता पुढचा कुठला?" तो म्हणाला, "विट्याकडचा." पण विट्याला आम्ही गेलो नाही. महिन्याभरात त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि मग ते नळकांडं घरी आलं. मी पंधरा दिवसांनी जायचे, शेजारी बसायचे. बोलणं त्याला जमत नसे. वहिनी आणि मी आळीपाळीने पाठ चोळून द्यायचो. शेवटच्या भेटीत त्याने मला खुणेने कपाट उघडायला सांगितलं आणि नुसता बघत राहिला. मग बोटाने, बंद कर, म्हणाला.

गेल्या रविवारी मी सांगलीला गेले होते. पुण्यातला कोणी संग्रह करणारा सगळं कपाट न्यायला तयार आहे, तेवढं बोलून टाकावं असं ठरवूनच गेले होते. पुढच्या खोलीत वहिनी फरशीवर बसून मेथी निवडत होत्या आणि समोर टीव्हीवर एक गेम चालू होता, कोणी खेळत नसलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हे दर रविवारी प्रत्येक खोका दहा-दहा मिनिटं चालू करायचे. म्हणायचे, बंद ठेवलं की आतून वाळतं. मी त्यांना हसायचे." एक झाला की त्या उठून दुसरा जोडत होत्या, पिना अचूक लावत होत्या. आयुष्यभर त्यांनी त्या कपाटाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. चौथा खोका लावला तर आवाज आला, चित्र आलं नाही. वहिनींनी पिन काढून पुन्हा लावली, कॅसेटवर फुंकर मारली, माझ्याकडे बघितलं. मला काय कळणार... पुण्याचं बोलायचं माझ्या ओठांवर आलेलं राहून गेलं. त्यांनी स्विच बंद केला, चष्मा लावला आणि त्या खोक्याला बांधलेल्या चिठ्ठीवर, दादाच्या अक्षराखाली, पेनाने सावकाश लिहिलं, आवाज येतो, चित्र नाही. खाली तारीख घातली. मग तो खोका त्याच्या जागी ठेवून पाचवा काढला.