एन म्हणजे न्हाई

काळजी करणं हा काही माणसांचा जोडधंदा असतो. दौंडच्या चांगदेव मिस्त्रींचा तो मुख्य धंदा होता. जोडधंदा म्हणून ते ट्रकचे गिअरबॉक्स दुरुस्त करायचे.

उभ्या ट्रकच्या चाकाखाली दगड सगळेच लावतात. मिस्त्री तो सायकललाही लावायचे, तीही सपाट जमिनीवर स्टँडला उभी असताना. गॅरेजच्या दाराशी चुना फासलेले दगड कायम तयार. "लग्नात हार घालायच्या आधी यांनी माझ्या खुर्चीचे पाय हलवून बघितले," असं त्यांच्या पत्नी सोजरबाई सांगायच्या, आणि मिस्त्री शेजारी बसून गंभीरपणे मान डोलवायचे.

अशा माणसाकडे न्हावऱ्याच्या मच्छिंद्रने तो ट्रक आणला. रांजणगावच्या एका कंपनीने भंगारात काढलेला जुना परदेशी आगीचा बंब. मच्छिंद्रने तो लिलावात घेतला, पाण्याची टाकी उतरवून मागे मोकळा हौदा बसवला. गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. म्हणजे पडायला हवे होते. गाडी गरम झाली की इंजिन भोकाड पसरायचं आणि चाकं ढिम्म.

"मिस्त्री, चौदा एप्रिलच्या आत करा," मच्छिंद्र म्हणाला. "जयंतीच्या मिरवणुकीला हीच गाडी. मंडळाला शब्द दिलाय."

मंडळाचं गणित बरोबर होतं. दरवर्षी मुंगीच्या चालीने चालून ट्रकची क्लचप्लेट जळायची आणि भर चौकात मेणबत्त्या-उदबत्त्यांच्या वर तिचाच वास चढायचा. ही गाडी ब्रेकवरचा पाय उचलला की आपली आपण हळूहळू सरकणार. पण गाडीपुढे वॉर्डातल्या मुलींचं लेझीम पथक राहणार होतं, आणि त्याच्या शेवटच्या रांगेत, म्हणजे थेट बंपरच्या पुढ्यात, मिस्त्रींची लेक दीक्षा.

हे कळलं आणि मिस्त्रींच्या हातातला चहा निवून गेला.

"गाडीनं मधीच झेप घेतली तर?"

"झेप घ्यायला ती काय मांजर हाय?" सोजरबाई म्हणाल्या.

गिअरबॉक्स खोलला तर आतल्या प्लेटा करपलेल्या भाकरीसारख्या. कुणीतरी पातळ लाल तेलाच्या जागी आपलं नेहमीचं दाट गिअर ऑइल ओतलं होतं. सगळ्यात नाजूक भाग म्हणजे मुंग्यांच्या वारुळासारखी वाटा कोरलेली एक चकती. तेल त्या वाटांनी फिरून कोणता गिअर पडायचा ते ठरवतं, आणि भोकाभोकात बारके छर्रे बसलेले. मिस्त्रींनी सोजरबाईंची परात मागून आणली, सगळं तीत मांडलं, मोबाइलवर फोटो काढले. नव्या प्लेटा, नवी सीलं घातली, डबा बंद केला.

आणि परातीशेजारी एक छर्रा उरला.

त्यांनी पुन्हा खोललं. फोटो बोटांनी मोठे करकरून बघितले. प्रत्येक भोकात छर्रा होता. पुन्हा बंद केलं. तो एक तसाच उरला.

"मग ह्यो आला कुठनं?"

"आभाळातनं," सोजरबाई म्हणाल्या. "आन् माझी परात द्या आता."

गाडी चौफुल्याला जाऊन आली, एकदाही रुसली नाही. तरी मिस्त्रींनी छर्रा खिशात ठेवला. जेवताना तो चाचपायचे, कुरकुरत्या सायकलवरून घरी जाताना चाचपायचे.

गाडी चालवणार होते हौसराव. उभी हयात ट्रकवर गेलेली, त्यामुळे डावा पाय सतत नसलेला क्लच शोधायचा. गिअरच्या दांड्याजवळची इंग्रजी अक्षरं पाहून ते बिचकले. मिस्त्रींनी मराठीत शिकवणी घेतली. "हे बघा. पी म्हंजी पडून राहा. आर म्हंजी रिव्हर्स. डी म्हंजी दौड."

"आन् ह्यो एन?"

"एन म्हंजी न्हाई. पुढंबी न्हाई, मागंबी न्हाई. म्या न्हाई म्हणलं की दांडा हितं."

"तुम्ही दिवसभर न्हाईच म्हणता की, मिस्त्री!"

जयंतीच्या संध्याकाळी ट्रक सजला. हौद्यावर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत निळी झालर. गाडी 'पी'वर होती. म्हणजे गिअरबॉक्सातला एक दात तिला धरून होता. पण तो दात मिस्त्रींनी स्वतः पाहिला होता, जेमतेम बोटाएवढा. त्यांनी हळूच झालर उचलली, मागच्या चाकापुढे दगड सरकवला, झालर सोडली आणि दीक्षाची रांग बंपरपासून लांब सरकवायला गेले.

हलगी कडाडली. हौसरावांनी दांडा 'डी'वर टाकला, ब्रेक सोडला. गाडी हलली नाही.

मिस्त्रींचा हात खिशात गेला. छर्रा! हौसरावांनी जरा ॲक्सिलेटर दाबला. इंजिन गुरगुरलं. आणखी दाबला. ट्रकची मागची बाजू किंचित उचलली गेली, झालर वर सरली, आणि तिच्याखाली मिस्त्रींना पांढरं काहीतरी दिसलं.

चुना.

चाक दगडावर चढत होतं. पलीकडे उतरलं की ट्रक थेट लेझमीवर, आणि दीक्षा पाठमोरी, वेणीला रिबीन बांधण्यात गुंग.

"न्हाई! हौसराव, न्हाई! न्हाई!"

"झाले मिस्त्री सुरू," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. इंजिन चढतच होतं. मिस्त्री पळत होते, आणि आपण इतकी वर्षं उगीच इतक्या वेळा न्हाई म्हणालो, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

दांडा 'एन'वर गेला. इंजिन मोकळंच ओरडलं, आणि ट्रक वीतभर मागे येऊन खाली बसला.

हौसराव घामाने भिजून खाली उतरले. "मला वाटलं नेहमीचंच वराडताय. पर हातानं ऐकलं."

झालरीखालून दगड निघाला. मच्छिंद्रने तो उलटसुलट पाहिला. "मिस्त्री, ह्यो तर आपल्याच घरचा!"

मिरवणूक निघाली. ट्रक सबंध गावातून मुंगीच्या चालीने, बिनवासाचा चालला. बंपर आणि दीक्षा यांच्या मधोमध, दगड काखेत मारून, चांगदेव मिस्त्री चालले.

"पप्पा, दगड तरी ठिवा. लोक बघत्यात."

"बघू दे."

सकाळी सोजरबाईंनी सायकलकडे बोट दाखवलं. "अवो, हे पायडल तुम्ही गॅरेजात खोलून ग्रीस भरल्यापासनंच कुरकुरतंय. खोला जरा." खोललं. आत एका छर्ऱ्याची जागा रिकामी.

मिस्त्रींनी खिशातला छर्रा बसवला. चाकाखाली दगड लावला. मग थोडा विचार करून त्यांनी निळ्या झालरीची उरलेली दोरी दगडाला आवळली आणि दुसरं टोक हँडलला बांधलं.

हल्ली त्यांच्या गॅरेजात प्रत्येक ट्रकच्या स्टिअरिंगला तशी दोरी असते. ड्रायव्हर हसतात, पण आधी खाली उतरून दगड काढतात.