सगुणा रेड्याचा चढ चढली

सकाळी सहाला सगुणा काही केल्या चालू होईना. सगुणा म्हणजे माझी जीप. लष्कराच्या लिलावातून नगरला आलेली, वयानं माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी आणि स्वभावानं थेट माझ्या सासूबाई: उठल्यावर पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. त्यात डिसेंबरची थंडी. चोक ओढला, चावी फिरवली, एकदा खोकली आणि गप्प बसली. शेवटी सगुणेची सगळी दुरुस्ती बघणाऱ्या बबन मिस्त्रींनी पुढं जाऊन बंपरखालून लोखंडी हँडल आत घातलं, पाय रोवले आणि गरागरा फिरवलं. तिसऱ्या खेपेला सगळी गल्ली जागी झाली.

"उठली," मिस्त्री म्हणाले आणि कानटोपी खाली ओढून माझ्या डावीकडं येऊन बसले.

आम्ही दोघं कुठं निघालो होतो, ते आधी सांगून टाकते, कारण ही नुसती सहल नव्हती. दर हिवाळ्यात जिल्ह्यातली जुन्या जीपवाली मंडळी अकोले तालुक्याच्या डोंगरात जमतात. राजूरच्या पुढं एका वाडीमागं बैलगाडीची जुनी वाट आहे. तिला लोक रेड्याचा चढ म्हणतात. झऱ्याचं पाणी ऐन हिवाळ्यातही त्या वाटेवर झिरपत असतं, त्यामुळं मधला टप्पा कायम निसरडा. गेल्या वर्षी सगुणा नेमकी तिथं रुतली. चारही चाकांना ताकद देणारा दांडा मी ओढलेला होता, तरी मागचीच दोन चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. गावातल्या लहानूभाऊंनी ट्रॅक्टरला साखळी बांधून आम्हाला खाली ओढलं. दहा जीपवाले बघत होते.

मी मुळातच तापट. इयत्ता नववीला तीस वर्षं भूगोल शिकवल्यावर कुणाचाही पारा चढलेलाच राहतो. मी तिथंच सगळ्यांना ऐकवलं, "मिस्त्रींनी आत्ताच सगळं उघडून बसवलं होतं. त्यांच्याच हातून काहीतरी राहिलं असणार." रागातच गाडी नगरला आणली आणि त्यांच्या गॅरेजसमोर सोडून घरी गेले.

ते एक वाक्य मिस्त्रींना फार महागात पडलं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी आपली जीप त्यांच्याकडून काढून घेतली, पाठोपाठ आणखी दोघांनी. मिस्त्रींनी सगुणेचा पुढचा सगळा भाग पुन्हा खोलला आणि मला बोलावून दाखवला. "बाई, आत काहीच बिघाड न्हाई. तुमी टोप्या फिरवल्या हुत्या ना?"

टोपी म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमध असते ती मुठीएवढी गोल चकती. चढाच्या आधी खाली उतरून दोन्ही चाकांच्या टोप्या हातानं फिरवायच्या, तेव्हा इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचते. हे जीपवाल्यांचं पहिलीचं पुस्तक.

"फिरवल्या होत्या. एवढंही कळत नाही का मला?" मी म्हटलं होतं. त्यांनी हात पुसले आणि सगळं पुन्हा बसवून दिलं. यंदा मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं, "मी शेजारी बसनार. चढली तर चढली. न्हाई चढली तर ह्या जुन्या गाड्यांना पुन्हा हात लावनार न्हाई. रिक्षा दुरुस्त करीन."

साठीला आलेला माणूस, चाळीस वर्षं याच कामात, आणि हे बोलताना आवाज जरासुद्धा चढला नाही. निघायच्या आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती.

राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना उसावर धुकं बसलेलं. ताडपत्रीच्या फटीतून वारा सुया टोचत होता आणि तरी मी मजेत होते. बंद काचेच्या गाडीत बसून थंडी कळत नाही. सगुणेत ती नाकाच्या शेंड्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळते. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. रस्त्याकडेच्या कोप्यांपाशी (ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या) शेकोट्या पेटलेल्या होत्या. तिथून एकानं हाक मारली, "मिस्त्री, कुनीकडं?" मिस्त्री पाथर्डीचे, हाक मारणारा त्यांच्या शेजारच्या गावचा. आम्ही थांबलो, पाच मिनिटं शेकून घेतलं.

"बाईंस्नी डोंगर दाखवाया चाललोय," मिस्त्री त्याला म्हणाले. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

संगमनेरच्या बसस्थानकासमोर सगुणेचा हॉर्न अडकला. बंदच होईना. अख्खा चौक आमच्याकडं वळून बघायला लागला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अहो, वरात पुढं गेली का मागं ऱ्हायली?" मिस्त्रींनी बॉनेट उघडून वायर उपटली. पुढचा सगळा प्रवास मी तोंडानंच ओरडत केला, आणि त्याची मला सवय आहेच.

अकोलं मागं पडलं तशी हवा बदलली. खाचरांतलं भात केव्हाच कापून झालेलं, खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी रचलेल्या, त्यांचा कोवळ्या उन्हातला वास. राजूरला भाकरी, मिरचीचा ठेचा आणि गरम पिठलं खाल्लं. मिस्त्रींनी अर्धीच भाकरी खाल्ली. काळजी मलाही होती, पण मी दीड खाल्ली.

वाडीत पोचलो तेव्हा दहा जीपा उभ्या होत्या आणि लहानूभाऊ ट्रॅक्टरला टेकून. "या बाई, या! साखळी तेल लावून ठिवलीय."

"ती म्हशीला बांधा," मी म्हटलं. सगळे हसले. डॉक्टरांनी मला नमस्कार केला, मिस्त्रींना नाही.

आठ जीपा वर गेल्या. दोन अर्ध्यावरून माघारी आल्या. मग आमची पाळी. मी उतरले, उजव्या चाकापाशी बसले आणि टोपी फिरवली. लोखंड बर्फासारखं गार. तेवढ्यात लहानूभाऊंच्या घरच्या मालकीणबाई ओट्यावरून ओरडल्या, "बाई, आधी कोरा च्या (बिनदुधाचा चहा) घ्या, निवंल!"

मी उठले, ओट्याकडं गेले, गरम पेला दोन्ही हातांत धरला आणि जागीच थिजले.

गेल्या वर्षीही असंच झालं होतं. हाच ओटा, हीच हाक, हाच चहा. उजवी टोपी फिरवून मी उठले होते, चहा प्याले होते आणि येऊन थेट स्टेअरिंगवर बसले होते. डाव्या चाकाकडं मी गेलेच नव्हते. आणि एक टोपी जरी राहिली तरी पुढची दोन्ही चाकं फुकट.

कानशिलं तापली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पेला तसाच ठेवून मी डाव्या चाकापाशी गेले आणि टोपी फिरवली. खट्ट आवाज आला. मान वर केली तर मिस्त्री आपल्या जागेवरून माझ्याकडंच बघत होते.

"मिस्त्री, गेल्या वर्षी मी..."

"आधी चढू, बाई. बोलनं वर."

दांडा ओढला. सगुणा गुरगुरत वाटेला लागली. मुरूम सुटला, झऱ्याचा चिखल आला, मागचं टोक सर्रकन डावीकडं सरकलं. माझा पाय आपोआप वर यायला लागला. "पाय काढू न्हका! तिला चालू द्या!" मिस्त्री ओरडले. मी पाय दाबून धरला. क्षणभर सगळं जागेवर थांबलं. मग पुढच्या चाकांनी खडक धरला. मला तो हातात जाणवला, स्टेअरिंगमधून. सगुणेनं नाक वर केलं, काचेत नुसतं निळं आभाळ, आणि मग ते आभाळ खाली सरकलं आणि आम्ही पठारावर होतो!

मी किंचाळले. खरंच किंचाळले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. समोर कळसूबाईची रांग, खाली भंडारदऱ्याचं पाणी उन्हात चमकत होतं आणि वाडीतून लहानूभाऊंची शिट्टी वरपर्यंत ऐकू येत होती. मिस्त्रींनी कानटोपी काढली आणि तिनंच डोळे पुसले.

मी बंपरवर उभी राहिले आणि वर्गात लावते तो आवाज लावला. "सगळ्यांनी इकडं लक्ष द्या. गेल्या वर्षी गाडीत काहीही बिघाड नव्हता. मी एकच टोपी फिरवली होती. चूक माझी आणि नाव मी मिस्त्रींचं घेतलं. मिस्त्री, मला माफ करा."

मग डॉक्टर पुढं आले आणि त्यांनी मिस्त्रींचा हात धरला. "मिस्त्री, बुधवारी गाडी आणू का?"

"आना की. येताना दोन्ही टोप्या मोजून आना."

एवढा हशा त्या पठारावर क्वचितच पिकला असेल.

खाली वाडीत येऊन मी चिखलानं माखलेल्या दोन्ही टोप्या स्वतःच्या हातानं सोडवल्या. मालकीणबाईंनी काळभात (इथल्या सुवासिक तांदळाचा भात) आणि कोंबडीचा रस्सा वाढला. मिस्त्री दोनदा भात मागून जेवले.

परतीच्या वाटेवर राहुरीजवळ मी न राहवून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या सालीच. गाडी माझ्या दारात आली तवा उजवी टोपी बसलेली हुती आन् डावी मोकळी."

"मग तेव्हाच का नाही बोललात? तुमची तीन गिऱ्हाइकं गेली!"

"तुमी फिरवल्या म्हनलात. शिकवनाऱ्या मान्साला मी कसं खोटं पाडू? म्हनलं, बाई हुशार हायेत, जाग्यावर गेल्या की त्यांचं त्यांस्नीच दिसंल."

तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत चुकांवर लाल गोल करत आले. हा माणूस वर्षभर गप्प राहिला आणि थंडीत दीडशे किलोमीटर शेजारी बसून आला, माझी चूक मलाच सापडावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सगुणेला धुतलं. टपापासून टायरपर्यंत सगळं लख्ख केलं. फक्त डाव्या टोपीवरचा चिखल ठेवलाय. त्यावर माझी पाचही बोटं नीट उमटली आहेत.