जोडीचं हळदीकुंकू

आमच्या शेजारच्या मावशींना कुजबुजता म्हणून येत नसे, आणि नशिबाने त्यांना काम दिलं ते सगळं कुजबुजायचं. नव्वदीच्या दशकात उचगावात घरोघरी गोळ्या आणि निरोध पोचवायला त्या स्वयंसेविका झाल्या. बायका पदराआडून विचारत, मावशी गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर देत. "लाजतीस काय? पोरं काय लाजून झाली व्हय?" हे वाक्य आम्ही जेवताना भिंतीपलीकडून ऐकायचो. मी नवी नवरी म्हणून आले, तर पहिल्याच आठवड्यात भर नळावर, "पाळणा लगीच, का थांबायचंय?" मी घागर तिथेच टाकून पळाले.

"दोन पोरांत अंतर ठेवा!" हे त्यांचं पालुपद कोपऱ्यावरच्या सुनंदाच्या नवऱ्याने फारच मनावर घेतलं. तो दीड वर्षाच्या लेकीला पन्हाळ्याला आजोळी सोडून आला. "दुसरं कवाबी हुंदे, अंतर आत्ताच ठेवलंय की!" सुनंदा रडून रडून अर्धी झाली. पहिल्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, अंगात अजून त्राण नव्हतं. सासूला मात्र वर्षाच्या आत नातू हवा होता, आणि आईपुढे या गृहस्थाचं तोंड उघडत नसे.

मावशींनी आधी त्याला अंतराचा खरा अर्थ समजावला, अर्थात सगळ्या गल्लीसकट. मग संक्रांतीला जोडीचं हळदीकुंकू काढलं. नवऱ्यांनाही आवतण! स्वतः विधवा, पण त्यांना अडवणार कोण? करंडा माझ्या हाती दिला, वाण म्हणून निरोधची पाकिटं लुटली आणि फर्मान सोडलं, उखाणा पुरुषांनी घ्यायचा. सुनंदाचा नवरा घाम पुसत उठला. आई समोरच बसलेली.

"पन्हाळ्याची वाट सारी वळणावळणाची, सुनंदाचं नाव घेतो, घाई न्हाय पाळण्याची!"

टाळ्यांनी घर दणाणलं. "आरं, मला इचारलंस का?" सासू कडाडली.

"आक्का, चार माणसांत घेतलेला उखाणा माघारी घेता येत न्हाय!" मावशी त्याहून मोठ्याने.

असा नियम कुठल्याच पंचांगात नाही, पण त्या दिवसापासून तो उचगावात लागू झाला. दुसऱ्याच दिवशी लेक घरी आली.

चारेक वर्षांनी सुनंदाला दुसरी मुलगी झाली. बाळ ठणठणीत, आई त्याहून ठणठणीत. बारशाला कुंकवाचं ताट सासूनेच धरलं होतं. बायकांना कुंकू लावत सुनंदा मावशींपाशी आली आणि पुढे गेलीच नाही. तिने बोट कुंकवात बुडवलं. मावशींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कपाळ पुढे केलं. मग काहीतरी बोलल्या.

मी अगदी शेजारी उभी होते, पण मला ऐकू आलं नाही. आता मावशी नाहीत, गल्ली फार शांत झाली आहे. त्या काय म्हणाल्या, ते सुनंदा अजून कुणाला सांगत नाही.